म्हसोबाचं वजन

मधुमालती सोसायटीला म्हसोबा हलवायला माणूस हवा होता, आणि त्या माणसाकडून अपेक्षा एकच होती: त्याचा म्हसोबावर विश्वास नसावा.

हे कोणी उघड म्हटलं नव्हतं. कोथरूडमध्ये अशा गोष्टी उघड म्हणत नाहीत. पण आधी दोन टोळ्या येऊन गेल्या होत्या. पहिल्या टोळीतल्या एकाच्या अंगठ्यावर पहार पडली आणि ती टोळी चहासुद्धा न पिता गेली. दुसऱ्या टोळीचा क्रेनवाला गाडीतून उतरलाच नाही. काचेतून त्याने शेंदूर पाहिला, ‘जिम्मेदारी कौन लेगा’ एवढंच विचारलं. समितीचे नऊच्या नऊ सभासद एकमेकांकडे बघायला लागले तेव्हा त्याला उत्तर मिळालं. मग हिंमतरावांनी कोंडीरामला फोन लावला. जुनी इमारत पाडून नवी बांधायचं कंत्राट हिंमतरावांकडे होतं. कोंडीराम म्हणाला, मी काही हात लावायचो नाही, बायको घरात घेणार नाही. पण माझा जोडीदार बाबुराव आहे, त्यांच्यात मानत नाहीत.

‘त्यांच्यात’ हा शब्द समितीला फार सोयीचा पडला.

म्हसोबा पार्किंगच्या मधोमध, कडुनिंबाखाली कंबरेएवढ्या ओट्यावर होता. चार फूट उंच, पैलवानासारखे खांदे, पितळी डोळे आणि अंगभर तकाकणारा शेंदूर. नव्या इमारतीच्या लिफ्टचा खड्डा नेमका तिथेच येत होता. नकाशा बदलायला महापालिका तयार नव्हती, म्हणून देवाने तीस फूट पश्चिमेला सरकायचं ठरलं.

बाबुराव अठ्ठावीस वर्षं जड वस्तू हलवत आले होते. तिजोऱ्या, जनरेटर, तेलाचे घाणे, कसब्यातल्या बोळातून तांबटांच्या ऐरणी. क्रेन शिरत नाही तिथे बाबुरावांची तीन लोखंडी पायांची घोडी शिरायची. वर चेनपुली, खाली पट्टा, दोन पहारी आणि एका बाजूला दोर ताणून धरणारा कोंडीराम. पण दोन वर्षांपासून उजवा खांदा बोलायला लागला होता. घोडीचे पाय टेम्पोत चढवताना तो आतून कट्‌ असा वाजायचा. रात्री शर्मिला, त्यांची बायको, शेकायला बसली की म्हणायची, आता एका जागी काम बघा. ती एक जागा आता समोर आली होती. हिंमतराव म्हणाले होते, “एवढा देव नीट सरकव बाबुराव. पुढची दोन वर्षं साइटवरचं सगळं उचलायचं काम तुझ्याकडे. घोडी इथेच उभी राहील, तू फक्त यायचं.”

घोडी इथेच उभी राहील, हे वाक्य बाबुरावांनी घरी जाऊन शर्मिलाला दोनदा सांगितलं.

सोमवारी सकाळी साडेआठला ते ओट्यापाशी आले. वैशाखाचं ऊन तेवढ्यातच फरशीवर चढलं होतं. पहिलं काम त्यांनी चपला काढण्याचं केलं. वजनापाशी ते नेहमीच अनवाणी. चपलेत पाय फसवतो, उघड्या तळव्याला जमीन कळते. मग उजवा पंजा शेंदरावर टेकवून ते डोळे मिटून उभे राहिले. हेही नेहमीचंच. वजन कुठे बसलंय, कुठे कललंय, ते आधी हाताला कळावं लागतं. तेलाच्या घाण्यासमोरही ते असेच उभे राहत.

वरच्या गॅलऱ्यांत त्याची वेगळीच नोंद झाली.

“चपला काढल्या बघा,” दुसऱ्या मजल्यावरून एक बाई म्हणाल्या. “शेवटी रक्तात असतंच.”

बाबुरावांनी ऐकलं. चपला परत घालाव्यात असं क्षणभर मनात आलं. पण फरशीवर तेल सांडलेलं होतं, आणि कोणाला चिडवण्यासाठी पाय घसरून घेण्याचं त्यांचं वय राहिलं नव्हतं.

त्यांनी ओट्याच्या फटीत पहार घालून जोर लावला. देव हलला नाही. बुडाभोवती कोणीतरी सिमेंट ओतून वर लाद्या बसवल्या होत्या. त्यांनी छिन्नी काढली, तेवढ्यात समितीचे सचिव फाइल घेऊन आले. दत्तप्रसाद पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते आणि निवृत्तीनंतर त्यांनी सगळं पाणी सोसायटीकडे वळवलं होतं.

“काय करताय आपण?”

बूड सोडवतोय, असं बाबुरावांनी सांगितलं. बूड सुटलं की पहारीवर जरा तोलून बघायचं, वजन कळतं, मग त्या हिशेबाने पट्टा बांधायचा.

“मुहूर्त उद्या दहा चाळीसचा आहे. त्याआधी देवाचं मूळ सुटता कामा नये. गुरुजींनी लेखी दिलंय.” त्यांनी फाइलीतला कागद दाखवला. तो खरोखरच लेखी होता.

“साहेब, वजन बघितल्याशिवाय साखळी लावत नाही मी. कधीच नाही.”

“आपली पद्धत आपली, आमची आमची. आपण आमच्या भावनांचा आदर करावा, एवढीच माफक अपेक्षा आहे. समजा अंदाजाने?”

कोंडीरामने मागून सदरा ओढला. बाबुरावांनी चार फूट उंची पाहिली, खांदे पाहिले, काळा दगड डोळ्यांपुढे आणला. अडीचशे किलो धरू, म्हणाले. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी डोळ्यांनी वजन केलं, तेही दुसऱ्याच्या श्रद्धेला धक्का नको म्हणून. ते अडीचशे किलो दत्तप्रसादांनी फाइलीत लिहून घेतले.

हे सगळं गोदाबाई बघत होती. कडुनिंबाच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली, ऐंशी-ब्याऐंशीची, शेजारी तांब्या. सोसायटी उभी होती ते शेत तिच्या नवऱ्याचं होतं. शेत गेलं, नवरा गेला, मागच्या बाजूला तळमजल्यावर दोन खोल्या मिळाल्या आणि बांधावरचा म्हसोबा पार्किंगमध्ये आला. चाळीस वर्षं ती त्याला रोज पाणी घालत होती. समितीच्या ठरावांत मात्र तो ‘सोसायटीचे दैवत’ होता. वजनाबद्दल तिला कोणी काही विचारलं नाही. समितीनेही नाही आणि बाबुरावांनीही नाही.

“तू मानीत न्हाईस म्हनं,” ती बाबुरावांना म्हणाली.

“नाही मावशी.”

“मंग हात का ठिवलास त्येच्यावर?”

“वजन बघत होतो.”

“हं,” म्हणून तिने तोंड फिरवलं, पण नजर त्यांच्या हातांवरच ठेवली.

अकराला चहा आला. कोंडीरामच्या हातात स्टीलचा पेला आला, बाबुरावांच्या हातात कागदी कप. पेले कमी पडले, असं चहा आणणाऱ्या बाई आपणहून म्हणाल्या. ट्रेमध्ये तीन पेले उपडे होते. कोंडीरामने ते बघितले, बाबुरावांनीही बघितले, आणि दोघांनी चहा गरम असल्याचं बोलणं काढलं.

बाबुरावांची वस्ती टेकडीखाली होती. दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली मुलीचं, पूर्वाचं, पदवीचं प्रमाणपत्र. पूर्वा हिंजवडीला एका कंपनीच्या सपोर्ट सेंटरमध्ये होती आणि या आठवड्यात तिची दुपारची शिफ्ट होती, पण सोमवारी तिची सुट्टी होती. बापाने दिवसभराचं सांगितलं तशी ती हसली.

“पप्पा, हे टोटल आउटसोर्सिंग आहे. भीती त्यांची, देव त्यांचा, आणि कोप झाला तर तो तुमच्यावर. अॅक्चुअली तुम्ही इन्शुरन्स आहात.”

“काम आहे ते.”

“आणि तो मुहूर्त? तुम्ही त्यांचा मुहूर्त पाळायचा. ते तुमचं काय पाळणार?”

कागदी कपाचं त्यांनी सांगितलं नव्हतं. शर्मिला खांदा शेकता शेकता म्हणाली, घोडी तिथेच राहणार असेल तर पाळा दोन दिवस मुहूर्त, नंतर त्यांचं ते बघतील.

सुंदराबाई, बाबुरावांची आई, दारात बसून लसूण सोलत होती. छप्पन साली ती आठ वर्षांची होती. मुळशीकडच्या गावात तिच्या बापाने दीक्षा घेतली, आणि दुसऱ्या दिवशी घरातले देव टोपल्यात घालून नदीवर नेले. ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. ती जिथे संपायची तिथे पूर्वाचं आणि तिचं नेहमी बिनसायचं.

“बापानं टाकले न्हाईत,” लसणाची साल झटकून सुंदराबाई म्हणाली. “गुडघाभर पान्यात गेला, खाली वाकला आन् एक एक करून ठिवले.”

“पण का, आजी? जे नाकारायचं ते फेकून द्यायचं ना.”

“त्येच्या आईनं पुजले व्हते.”

“तीच तर चूक होती.”

“व्हती. पर आई व्हती.” सुंदराबाईने टोपली बाजूला केली. “माघारी आल्यावर मातुर कुनापुढं हात जोडले न्हाईत. मरंस्तवर. हाटेलाच्या मालकानं भितीवरच्या देवाला हात जोड म्हनला, तर चाकरी सोडून घरी आला. तवा आमी दोन महिने उकडल्याली रताळी खाल्ली.”

यावर बाबुरावांनी खांद्यावरचं फडकं स्वतःच काढून ठेवलं.

मंगळवारी दहापासूनच माणसं खाली उतरायला लागली. एरवी सभेला कोरम होत नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब करणारे सगळे आज वेळेआधी हजर होते. गुरुजी पूजा सांगून दुसरीकडे गेले होते. दहीभात, लिंबू, नारळ, उदबत्तीचा झुबका. घोडी ओट्याभोवती फरशीवर तिन्ही पाय रोवून उभी होती. पट्टा म्हसोबाच्या पोटाभोवती आवळलेला होता, खाली गोणपाट घातलं होतं. कोंडीराम दोर धरून पाच पावलं लांब. पूर्वा बापाचा खांद्याचा पट्टा घरी राहिला म्हणून तो द्यायला स्कूटरवर आली होती, ती आता मोबाइल धरून कडेला थांबली.

दत्तप्रसादांनी घड्याळ पाहिलं आणि नारळ उचलून बाबुरावांपुढे धरला.

“आता आपण हा वाढवा. मग हात जोडून क्षमा मागा. जो हात लावणार त्यानेच मागावी लागते, असं शास्त्र आहे.”

बाबुराव नारळाकडे बघत राहिले. कालच्या कागदावर हे नव्हतं.

“साहेब, उचलतो मी. जपून उचलतो. पण हात जोडणार नाही.”

घोडीच्या लोखंडावर कावळा बसला होता, तो उडाला.

“म्हणजे आमच्या देवाचा अपमान करणार आपण?”

“अपमान नाही साहेब. काल तुम्ही म्हणालात वजन बघू नका, नाही बघितलं. मुहूर्त म्हणालात, थांबलो. हे मात्र माझ्याच्याने होणार नाही.”

“चौदा एप्रिलला आमची सोसायटी फोटोला हार घालते.” दत्तप्रसादांचा आवाज चढला नव्हता. पुण्यात आवाज चढला म्हणजे वाद हरल्यासारखं असतं. “आम्ही घालतो. आम्हाला काही होत नाही.”

“घालता. मी घाला म्हणायला आलो नव्हतो.”

मागे कोणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. हिंमतरावांनी बाबुरावांना कोपराला धरून कडुनिंबामागे नेलं. दोन सेकंदांचं काम आहे, म्हणाले, मनात जयभीम म्हण, कोण बघतंय? दोन वर्षांचं काम दोन सेकंदांत घालवू नकोस. बाबुराव म्हणाले, मनातलं चालत असेल तर त्यांनाही मनातच नारळ फोडायला सांगा. हिंमतरावांनी हात सोडला. दहा पन्नास झाले होते. सव्वाअकराला मुहूर्त संपत होता आणि त्यानंतरचा एकदम नऊ दिवसांनी होता. जेसीबी फाटकाबाहेर सकाळपासून उभा होता. कोंडीराम म्हणाला, त्याच्या वतीने मी जोडतो. ते शास्त्रात बसत नव्हतं.

तेव्हा खुर्ची सरकल्याचा आवाज आला. गोदाबाई कडुनिंबाला धरून उठली होती.

“माला इचारा. देव माझ्या बांधाचा हाय.” ती ओट्यापाशी आली, बाबुरावांच्या तोंडाकडे मान वर करून बघत म्हणाली, “पडू दिनार न्हाईस न्हवं?”

“नाही मावशी.”

“मंग झालं. हात ह्येचे, मागनं माझं.” तिने दत्तप्रसादांच्या हातातून नारळ घेतला आणि पायरीवर दोन दणक्यांत फोडला.

दत्तप्रसादांनी आपला विरोध नोंदवून घ्यावा असं तिथल्या तिथे सांगितलं आणि बाजूला झाले.

बाबुरावांनी चपला काढल्या. छिन्नीचे शेवटचे चार घाव बसले, सिमेंट सुटलं. मग त्यांनी चेनपुलीची साखळी धरली आणि अडीचशे किलोंच्या हिशेबाने, कंबरेतून, दोन्ही पाय रोवून ओढली.

देव उडालाच.

वजन नव्हतंच. पट्ट्याने म्हसोबा एका हिसक्यात ओट्यावरून हातभर वर घेतला आणि तो दोराच्या बाजूला झुलला. दोर ताणून धरला असता तर झोका तिथेच मेला असता. पण देव आपल्या अंगावर येतोय हे बघून कोंडीरामने वीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. त्याने दोर सोडला आणि दोन्ही हात जोडले. म्हसोबा फिरून घोडीच्या पायावर आदळला. कच्चं मडकं फुटावं तसा आवाज झाला. उजवा खांदा गेला, मग पोट, मग एक पितळी डोळा फरशीवर टणटणत गाडीखाली गेला.

खाली बावीस माणसं होती. पूर्वाच्या हातात मोबाइल होता, गोदाबाईचा हात कडुनिंबावर होता, आणि बाकी एकोणीस जणांचे हात त्या क्षणी जोडलेले होते. मोकळे हात एकाच माणसाचे होते. सैल झालेल्या पट्ट्यातून काहीतरी काळं निसटताना बाबुरावांना दिसलं आणि ते घोडीच्या पायांमध्ये घुसले. त्यांचा उजवा खांदा आतून वाजला. फरशीपासून वीतभर वर त्यांनी ते दोन्ही तळव्यांत पकडलं आणि तसेच गुडघ्यांवर बसले.

वर धूळ उडत होती. सगळीकडे शेंदराच्या खपल्या, पांढरं प्लास्टर, सुतळी, काथ्या आणि बांबूच्या कामट्या पडल्या होत्या. गणपतीच्या देखाव्यात राक्षस करतात तसा तो आतून पोकळ होता. बाबुरावांच्या हातांत एक दगड होता. वरवंट्याएवढा, नदीच्या पाण्याने गुळगुळीत झालेला, तेलाने काळा पडलेला.

गोदाबाईने वाकून बघितलं.

“ह्योच,” ती म्हणाली. “बांधावर ह्योच व्हता.”

“मग हे सगळं?” दत्तप्रसादांनी प्लास्टरकडे हात केला.

“वरचं सगळं कमिटीचं. देव ल्हान दिसतो म्हनून आनला मानूस, लावले डोळं. तीस वर्सं झाली.”

“आपण सांगितलं का नाहीत आजपर्यंत?”

“कुनी इचारलं?”

बाबुरावांनी मान खाली घातली. साखळी लावायच्या आधी त्यांनी दत्तप्रसादांचं ऐकलं होतं, हिंमतरावांचं ऐकलं होतं, आणि चाळीस वर्षं ज्या बाईने त्याच्यावर पाणी ओतलं तिच्याशी बोलताना स्वतःच्याच हातांबद्दल बोलले होते. वजन चुकलं माझं, ते हळूच म्हणाले. ते कोणी ऐकलं नाही, कारण समिती तोवर दोन भागांत फुटली होती. पाच जणांचं म्हणणं, देवाने आपणहून कवच सोडलं, याहून शुभ काय? चौघांचं म्हणणं, कोप झाला, आणि का झाला ते सगळ्यांना माहीत आहे. दत्तप्रसादांनी गुरुजींना फोन लावला. गुरुजींनी दोन्ही बाजूंची सोय केली. उचलणाऱ्याने हात जोडले असतील तर शुभ, नसतील तर शांती करावी लागेल आणि ते काम पुन्हा त्या माणसाकडे देऊ नये.

“जोडलेच ना पण त्यांनी,” दुसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या. “मी बघितलं. दोन्ही हात जोडून, गुडघ्यावर बसून घेतला.”

पूर्वाच्या मोबाइलवर ते होतं. तिने नको म्हणायच्या आत तीन-चार डोकी त्यावर वाकली. चित्रात तर अगदी तसंच दिसत होतं. खाली वाकलेला माणूस, मिटलेले तळवे, वर उडालेला शेंदूर. फोटो काढून फ्रेम करावा असं.

“वा,” दत्तप्रसाद म्हणाले. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच सैल झाला. “मग प्रश्नच मिटला. बाबुराव, आपण शेवटी हात जोडलेत. मी तसं नोंदवतो. विषय संपला.”

हिंमतराव दत्तप्रसादांच्या मागे उभे राहून बाबुरावांकडे बघत होते. काही बोलू नको, एवढंच ते डोळ्यांनी सांगत होते. खरंच बोलायची गरज नव्हती. मान हलवायचीही नव्हती. नुसतं गप्प राहिलं की घोडी इथेच उभी राहणार होती, दोन वर्षं. पूर्वाने मोबाइल छातीशी धरला होता. बापाच्या हातात दगड होता, आणि तो शब्द तिच्या ओठांवर येऊन थांबला होता. त्यांनी म्हणावा म्हणून ती वाट बघत होती. इतक्या लोकांपुढे, एकदा.

बाबुराव उठले. गोदाबाई त्यांच्या हातांतल्या दगडाकडे बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते.

“नाही साहेब,” ते म्हणाले. “हात जोडले नाहीत मी. मध्ये मावशींचा देव होता, तो धरला.”

दत्तप्रसादांनी पेन टोपणात घातलं. हिंमतराव वळून फाटकाकडे गेले आणि जेसीबीवाल्याशी बोलायला लागले.

नवीन ओटा तीस फुटांवर होता. बाबुराव तिथपर्यंत चालत गेले, दोन्ही तळव्यांत दगड धरून, अनवाणी, तापलेल्या फरशीवरून. चेनपुलीची गरजच नव्हती. गोदाबाई मागून येत होती. ओट्यावर ठेवला तेव्हा तो एका बाजूला कलला. जरा उगवतीकडं, ती म्हणाली. त्यांनी फिरवला. मग वाकून एक लहानशी कपची शोधली, बुडाखाली सरकवली, पंजा ठेवून हलतो का पाहिलं. हलत नव्हता.

“बसला,” ते म्हणाले.

गोदाबाईने तांब्यातलं पाणी आधी त्यांच्या हातांवर ओतलं, उरलेलं देवावर. शेंदूर काही निघाला नाही. तो तेलातला होता.

घोडी उतरवायला कोंडीराम आला. दोर गुंडाळताना तो खालीच बघत होता. सुटला रे हातातनं, एवढंच म्हणाला. बाबुरावांनी घोडीचा एक पाय त्याच्या खांद्यावर दिला, दुसरा आपल्या डाव्या खांद्यावर घेतला. उजवा हात वर जात नव्हता. संध्याकाळपर्यंत हिंमतरावांचा फोन आला, फार गोड बोलले, समितीचं ऐकावं लागतं म्हणाले, पुढे कधी काही असलं तर नक्की.

दुपारी बाबुराव स्कूटरवर मागे बसून येत होते तेव्हा वाऱ्यात पूर्वाने विचारलं होतं, “दगड का नाही म्हणालात? हातात तर होता.”

“मावशी समोर होत्या.”

“म्हणजे त्यांच्यासाठी खोटं बोललात.”

“खोटं काय त्यात? देव त्यांचाच आहे.”

सिग्नलला तिने स्कूटर थांबवली. मग म्हणाली, “आणि जोडले म्हणू दिलं असतं, तर?”

“तिथे मी समोर होतो ना,” बाबुराव म्हणाले.

घरी शर्मिलाने साइटचं विचारलं आणि नाही ऐकल्यावर चहाचं भांडं जरा जोरात ठेवलं. खांदा बघून फडकं तापत घातलं. सुंदराबाईने मुलाचे तळवे आपल्या मांडीवर ओढून घेतले, गोडं तेल आणि राख लावून चोळायला लागली. शेंदूर रेषांमध्ये बसला होता. एक रेघ साफ व्हायची, तेवढ्यात दुसऱ्या रेघेतून लाल वर यायचं.

“केवढा व्हता?” तिने विचारलं.

“बाहेरून चार फूट होता.”

“आत?”

“वरवंट्याएवढा.”

सुंदराबाईचे अंगठे थांबले. तिने त्यांचा एक तळवा उलटा केला, सुलटा केला, जणू त्यात अजून काही आहे का ते बघतेय.

“आमचे बी तेवढेच व्हते,” ती म्हणाली. “टोपल्यात सात मावले. तरी बापाला नदीपातुर दोनदा टोपली खाली ठिवावी लागली.”

आणि ती पुन्हा चोळायला लागली.